नानांचे टायर आणि पितृपक्ष

अहो वहिनी, कपडे राहू द्या क्षणभर, आधी इकडं या कुंपणाशी. तारेला हात नका लावू, गंजलीय. नानांच्या घरची बातमी कळली का? पिकअपला टायर आले! हो, पितृपक्षातच. आणि चार नाही आले, दोन आलेत. बाकीचे दोन घटस्थापनेनंतर. असं अर्धं पितरांचं, अर्धं देवीचं करून ठेवलंय त्या घरानं.

ऐकीव नाही हो सांगत. परवा अविधवा नवमीला मी तिथं सवाष्ण म्हणून जेवायला होते ना! नानांच्या आई अहेवपणी गेल्या, म्हणून दर वर्षी बोलावणं असतं. आमटी, कढी, अळूवडी सगळं पानात होतं, पण कोणाचं लक्ष जेवणात होतं? पान वाढल्यापासून उठेपर्यंत टायर, टायर आणि टायर. मी आपली खाली मान घालून जेवत होते, पण कान काही बंद करता येत नाहीत.

झालंय काय, ते टायर पावसाळ्याच्या आधीच झिजून गोटा झाले होते. त्यांचा थोरला मुलगा तेव्हापासून म्हणतोय, बदलू. नाना म्हणतात, टमाट्याचे पैसे येऊ दे. टमाट्याचे पैसे आले तर म्हणाले, गणपती होऊ दे. गणपती बसायच्या आतच पंतप्रधानांचं पंधरा ऑगस्टचं भाषण झालं, दिवाळीला जीएसटी कमी होणार म्हणून. झालं! नानांना आयतंच निमित्त. मग तीन सप्टेंबर २०२५ ला दिल्लीत जीएसटी कौन्सिलची बैठक झाली आणि टायरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर येणार, तोही २२ सप्टेंबरपासून, असं ठरलं. ते कात्रण नानांनी पंचांगात घालून ठेवलंय. कारण २२ सप्टेंबरलाच घटस्थापना! म्हणतात कसे, "पंचांगानं आणि दिल्लीनं एकच मुहूर्त काढलाय, आता मधे बोलणारे तुम्ही कोण?"

बोलणं बिनतोड आहे, मी नाही म्हणत नाही. पितृपक्षात नवी वस्तू घ्यायची नाही, आणि त्याच पंधरवड्यानंतर स्वस्त होणार. धर्म आणि व्यवहार एका वाटेनं चाललेत असं कितीदा होतं? गावातल्या टायरच्या दुकानात म्हणे माशा मारत बसलेत सगळे. जो तो २२ तारखेची वाट बघतोय. ट्रॅक्टरवाले तर त्याहून जास्त, त्यांच्या टायरला पाचच टक्के लागणार आहेत. मालाच्या नव्या गाडीवरचा करसुद्धा २८ चा १८ होतोय म्हटल्यावर नानांच्या डोक्यात मधेच आलं की टायर कशाला, गाडीच नवी घेऊ. त्यावर नानी एवढंच म्हणाल्या, "घ्या. आणि तिचे टायर किती वर्षांनी बदलणार तेही आत्ताच सांगून ठेवा."

पण वहिनी, पाऊस कुठं पंचांग बघतो? बघताय ना यंदाचा सप्टेंबर. आणि थोरला रात्री पिंपळगावातून टमाटे भरून वाशीला जातो. म्हणजे कसारा घाट, काळोख, धुकं, आणि रस्त्यावरून पाण्याचे लोट. गाडी किती भरतात विचारा. कागदावर सतराशे किलोची गाडी. वीस किलोचं क्रेट धरलं तर पंच्याऐंशी क्रेट झाले. भरतात एकशेवीसच्या वर. भाव पडला की आणखी भरतात, कारण मग क्रेटमागं सुटतं कमी. हे जास्तीचं सगळं ओझं त्या टायरच्या अंगावर. टायरची भिंत सारखी दबते, उठते, दबते, उठते, त्यानं आतून तापते. त्यात हवा कमी असली तर विचारूच नका. लोक म्हणतात ऊन फार होतं म्हणून टायर फुटला. आमचे हे म्हणतात, उन्हावर बिल फाडू नका, कमी हवा आणि जास्त माल, हेच दोघं चोर.

यांना माहीत असणारच. एसटीच्या वर्कशॉपात टायर सेक्शनला जन्म गेला. रिटायर झाले तरी रस्त्यानं चालताना माणसांचे चेहरे बघत नाहीत, गाड्यांचे टायर बघतात. लग्नाला गेलो तर आधी पार्किंगमधून फेरी. "नवऱ्या मुलाकडची गाडी आतून खातेय," हे मला अक्षता टाकताना कानात सांगितलं होतं एकदा!

तर त्या दिवशी जेवणं झाल्यावर सुनेनंच विषय काढला. "काका, तुम्ही एकदा बघून सांगा. यांचं म्हणणं आज बदलावेत, मामंजी म्हणतात आठ दिवसांनी काही होत नाही. तुम्ही सांगाल ते दोघांनाही मान्य." हुशार आहे हो पोरगी. नवऱ्याची बाजू घेतली नाही, सासऱ्याला दुखवलं नाही, आणि पंच आपल्याला हवा तो नेमला.

मग काय, यांना जेवणानंतरची सुपारीसुद्धा सुचेना. अंगणात गाडी उभी होती. काडेपेटीतली काडी मागितली. टायरच्या नक्षीत जी खोल खाच असते ना, तिच्यात काडी उभी घातली, तळाला टेकवली, आणि वरच्या कडेशी नखानं खूण केली. नातवाच्या कंपासपेटीतली पट्टी आणवली. खूण पट्टीवर धरली. दोन मिलिमीटरसुद्धा नाही भरली! नवा टायर असतो तेव्हा हीच खाच आठ-दहा मिलिमीटर खोल असते. नाना वाकून बघत होते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. म्हणाले, "नक्षी दिसतेय की अजून."

यांनी मग टायरच्या खांद्यावरचा एक बारीक त्रिकोण दाखवला. मी इतकी वर्षं संसार केला टायरवाल्याशी, मलाही नव्हता माहीत तो. त्या त्रिकोणाच्या रेघेत खाचेच्या तळाशी रबराचा एक उंचवटा असतो, छोटा उंबरठा असावा तसा. १.६ मिलिमीटरचा. वरची नक्षी झिजत झिजत त्या उंबरठ्याच्या बरोबरीला आली की टायर कायद्यानं बाद. आरटीओसुद्धा तेच बघतात. नानांच्या मागच्या उजव्या टायरला बोट फिरवलं तर उंबरठा लागतच नव्हता, सगळं एकसारखं गुळगुळीत. डाव्याला जेमतेम नखाएवढा फरक.

आणि हे म्हणतात की कायदा १.६ म्हणतो म्हणून तिथपर्यंत वाट बघायची असं नाही. तीन मिलिमीटरच्या खाली गेला की पावसात टायरचा भरवसा सुटायला लागतो. त्या खाचा शोभेला नसतात ना. रस्त्यावरचं पाणी त्यांच्यातून बाजूला जायचं असतं. खाच उरली नाही की पाणी जाणार कुठं? ते टायरच्या खालीच दाटतं, आणि वेगात असलं की गाडी रस्त्यावरून उचलली जाऊन पाण्यावरून सरकते. त्या वेळी ब्रेक दाबा, स्टेअरिंग फिरवा, काही उपयोग नाही. कोरड्यात हाच गोटा टायर छान धरतो, म्हणून तर माणूस फसतो. उन्हाळाभर चालला, म्हणजे पावसातही चालेल असं वाटतं.

पुढच्या टायरांची कथा वेगळीच. डावा टायर बाहेरून बघितला तर चांगला, नाना लगेच खूश. यांनी स्टेअरिंग पूर्ण फिरवायला लावलं आणि चाकाची आतली बाजू बाहेर आली. तिथं तळहातासारखा साफ! "आतून खातेय," हे म्हणाले. अलाइनमेंट गेलीय. एखाद्या खड्ड्यात आपटली असेल, कोणी बघितलंच नाही. मागच्यांच्या दोन्ही कडा झिजल्या होत्या आणि मधे त्या मानानं बरं होतं, म्हणजे हवा कमी ठेवत होता. मधे झिजला असता तर हवा जास्त. टायर बघून हे ड्रायव्हरच्या सवयी सांगतात. थोरला लाजला बिचारा. म्हणाला, "हवा बघतो की काका, टोलनाक्यावर." आता टोलनाक्यापर्यंत भरलेली गाडी गेली म्हणजे टायर गरम, गरम टायरची हवा वाढलेलीच दिसणार. त्यात हा जास्त दिसली म्हणून काढून टाकायचा! हवा बघायची ती घरातून निघताना, गार असताना. हे एवढं साधं, पण गावातल्या निम्म्या पोरांना सांगितलेलं पटत नाही.

स्टेपनीचं तर विचारूच नका. ती मागं खाली लटकवलेली, चिखलानं माखलेली. साखळीच गंजली होती. उतरवायला हातोडा लागला. टायरमध्ये आतून गेटरचं ठिगळ टाकलेलं. नाना म्हणाले, "ती अडीअडचणीला." नानी दारातून म्हणाल्या, "अडीअडचण आणखी कशाला म्हणतात?"

आता तुम्ही म्हणाल, गाडी पासिंगला गेली असेल ना कधीतरी, तिथं कसं चाललं? अहो, तीच तर मजा. हळू बोलते, माळ्यांच्या खिडकीत कोणीतरी आहे. गाडीला आठ वर्षं होऊन गेली, म्हणजे दर वर्षी फिटनेस. मागच्या पासिंगला नानांनी त्यांच्या मेव्हण्याच्या गाडीचे टायर उसने आणले होते! सकाळी जॅक लावून बदलले, गाडी दाखवली, संध्याकाळी परत. मेव्हण्याची गाडी तेवढा दिवस विटांवर उभी. आणि हे एकट्या नानांचं नाही. पासिंगपुरते टायर भाड्यानंसुद्धा मिळतात म्हणे. आरटीओला फसवलं म्हणून हसतात सगळे. पण घाटात साहेब नसतो, घाटात पोरगं असतं, हे आमच्या यांनी तोंडावर सांगितलं नानांना. नाना गप्प झाले. जावईशोध लावल्यासारखं थोड्या वेळानं म्हणाले, "मग रिमोल्ड करून घेऊ."

रिमोल्डला हे नाही म्हणत नाहीत. कसे म्हणतील? एसटीचे स्वतःचे रिमोल्डचे कारखाने आहेत, त्यावरच आमची पोरं शिकली. पण रिमोल्डचीही एक वेळ असते. टायरचं आतलं अंग, म्हणजे तारा आणि कापडाचे थर, धडधाकट असतील तर वरून नवं रबर चढवायचं. नव्याच्या निम्म्याहून कमी पैशात काम होतं. इथं अंगच गेलेलं. मागच्या एका टायरच्या भिंतीला फुगा आलेला, बोंडाएवढा. आतले धागे तुटलेत त्याचा तो पुरावा. त्याच्यावर सोन्याचं रबर चढवलं तरी फुगा फुगाच. आणि चढवला तरी मागं लावायचा, पुढं कधीच नाही. पुढचा फुटला तर स्टेअरिंग हातात राहत नाही.

यावरून आणखी एक वाद झाला, तो मात्र मला फार आवडला. दोनच नवे घ्यायचे तर लावायचे कुठं? थोरला म्हणाला, पुढं. सगळे ड्रायव्हर हेच म्हणतात. यांचीही सवय तीच, एसटीत पुढं नवा आणि रिमोल्ड मागं. पण टायरच्या दुकानातलं पोरगं म्हणालं होतं की कंपनीवाले सांगतात, चांगले दोन मागं लावा. हे आधी चिडले. "कालचं पोर मला शिकवतंय!" मग बसले विचार करत. सुपारी कातरता कातरता म्हणाले, बरोबर आहे त्याचं. वाशीहून परत येताना गाडी रिकामी. पिकअपचे मागचे पाटे कडक, मालासाठी केलेले. रिकामी असली की मागचं अंग उड्या मारतं, टायर रस्त्याला धड टेकत नाही. त्यात गोटा टायर आणि ओला रस्ता म्हणजे मागचं अंग पुढं यायला वेळ लागत नाही. पुढचं घसरलं तर निदान पाय काढून गाडी सावरता येते, मागचं घसरलं की गाडी फिरतेच. तेव्हा नवे मागं. उजवा पुढचा बरा आहे. डाव्या पुढच्यातही थोडं रबर आहे, तो उलटा चढवून घ्यायचा, म्हणजे आतली खाल्लेली बाजू बाहेर येईल, आणि अलाइनमेंट करून घटस्थापनेपर्यंत हळू चालवायची. वर्कशॉपातलं कोणी ऐकलं असतं तर यांना सेक्शनमधून काढलं असतं. पण माणूस म्हातारा झाल्यावर मत बदलतो म्हणजे मोठीच गोष्ट, नाही का? माझ्या बाबतीत अजून बदललेलं नाही.

आता पैशाचं ऐका, खरी गंमत तिथं आहे. सून कॉलेजात कॉमर्सला होती. तिनं वहीच आणली. टायरची मूळ किंमत सहा हजार धरू म्हणाली. २८ टक्क्यांनी ७,६८०. १८ टक्क्यांनी ७,०८०. टायरमागं सहाशे. चारांचे २,४००. नाना मान डोलवायला लागले, बघा, मी तेच म्हणतो. ती म्हणाली, थांबा मामंजी. मागचे दोनच आज घेतले तर जाणार बाराशे. एका रात्रीत टायर फुटून गाडी कसाऱ्यात अडकली, पहाटेचा बाजार चुकला, तर एकशेवीस क्रेटवर क्रेटमागं दहा रुपये पडले तरी बाराशे तिथंच गेले. आणि टमाट्याला दहा रुपये पडायला गाडी अडकायचीसुद्धा गरज नसते, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. वर टोइंगवाला, वर रात्री घाटातल्या टायरवाल्याचा भाव. तो काय जीएसटी बघून लावतो?

आणि मग तिनं पत्ता टाकला. भिशीचे पैसे तिच्याकडं आलेत. या महिन्याची भिशी तिला लागली ना! "पितृपक्षात तुम्ही काही घेऊ नका, मामंजी. मी घेते. माझ्या पैशानं."

नानांना काही सुचेना. सुनेच्या पैशानं टायर म्हणजे इभ्रतीचा प्रश्न, आणि पितृपक्षात खरेदी म्हणजे पितरांचा. तेवढ्यात नानी, ज्या एरवी एका वाक्यापलीकडं बोलत नाहीत, त्या म्हणाल्या, "आज ज्यांच्या नावानं पान वाढलं त्या माझ्या सासूबाई. त्यांना नातवापेक्षा मुहूर्त मोठा वाटला असता असं तुम्ही म्हणत असाल, तर मग राहू द्या टायर." वहिनी, हातातला विडा हातातच राहिला माझ्या. नाना उठून आत गेले. बाहेर आले ते टोपी घालून. म्हणाले, "चल, दुकान उघडं असेल."

दुकानात हे गेले होते सोबत. मालक एकटाच बसलेला, पंखा लावून. गिऱ्हाईक बघून आधी त्याचाच विश्वास बसेना. म्हणाला, नाना, २२ नंतर या, स्वस्त मिळेल. प्रामाणिक माणूस. सून म्हणाली, २२ नंतर तुमच्याकडं रांग लागेल, तेव्हा तुम्ही आम्हाला ओळखाल का? आज काय कमी करता बोला. शेवटी टायरमागं चारशे कमी केले त्यानं. म्हणजे कराचा फरक सहाशेचा, त्यातले चारशे इथंच सुटले. दोनांत सगळं मिळून चारशे रुपये जास्त गेले! पितृपक्षात कोणी घेत नाही, म्हणजे भाव करायला त्यासारखा काळ नाही, हे व्यापाऱ्याला कळतं, सुनेला कळलं, फक्त पुरुषमंडळींना कळत नाही. सातपूरला सिएटचा कारखाना आपल्या दारात, पण म्हणून नाशिककराला टायर स्वस्त पडतो असं काही नसतं, कांदा दारात पिकतो म्हणून आपल्याला कुठं स्वस्त मिळतो?

पहिला टायर काढला तो यांनी परत ठेवायला लावला. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. १८२३ असेल तर २०२३ च्या अठराव्या आठवड्यातला. तो दोन वर्षं दुकानात पडलेला होता. नवाच, नक्षी कोरी, पण रबर उभ्या उभ्या म्हातारं होतं. "स्कीम" म्हणून लावतात तेव्हा पुष्कळदा हेच खपवायचं असतं. यंदाचेच दोन काढून घेतले. शिवाय मालाच्या गाडीचा जड प्लायचा टायर आहे ना, हेही बघितलं. मापात बसतो म्हणून काही जण जीपचा साधा टायर लावतात, हजार रुपये वाचवतात, आणि त्याच्यावर एकशेवीस क्रेट टाकतात.

मला विचाराल तर हा सगळा घोळ टायरचा नाहीच मुळी. टायर बदलायची खरी वेळ मृगाच्या आधी, पहिला पाऊस पडायच्या आत. नवी खाच पावसाला लागते, उन्हाळ्यात जुना टायर निभावून नेतो. पण जूनमध्ये आपल्याकडं पैसा असतो कोणाच्या हातात? तेव्हा बियाणं, खतं, रोपं, मल्चिंगचा कागद, पोरांच्या फिया, वह्या. सगळा पैसा जमिनीत गेलेला. पैसा येतो भाद्रपदात, आश्विनात. तोवर पाऊस निघून जायला आलेला. म्हणजे गोटा टायरवर पावसाळा काढायचा आणि दसऱ्याला झेंडूचा हार घालून नवे टायर पुजायचे, कोरड्या रस्त्यावर मिरवायला! वर्षानुवर्षं हेच चाललंय घरोघर. कोणाला अक्कल नाही म्हणून नाही हो, हातात पैसा नाही म्हणून. यांना ते कधी समजत नाही. एसटीत टायर सरकारी होता. सून म्हणते, पुढच्या वर्षीपासून भिशीचा नंबर वैशाखातला मागून घेणार. बघू, भिशीवाल्या ऐकतात का. वैशाखातला नंबर सगळ्यांनाच हवा असतो, लग्नसराई ना.

समृद्धी महामार्गावर नाही का, २०२३ मध्ये गुळगुळीत टायरच्या गाड्या नाक्यावरूनच परत पाठवायला लागले होते? तेव्हा नानांचाच पुतण्या शिर्डीहून परत आला होता तोंड पाडून. तेव्हा नाना म्हणाले होते, बरं झालं, पोरांना शिस्त नाही. स्वतःच्या गाडीवर आलं तेव्हा पंचांग निघालं!

जुने टायर? ते कुठं टाकतायत. मागचा फुग्यावाला आणि तो गुळगुळीत झालेला, दोन्ही मुरघासाच्या खड्ड्यावर कागद दाबायला गेले. थोरल्याच्या मामांकडं तर सगळा खड्डा टायरांनी झाकलाय, ट्रकचे, जीपचे, उसाच्या टायरगाडीचे. पासिंगला टायर उसने दिलेले ते मेव्हणे आता म्हणतायत, एक मला द्या, नाना. नाना म्हणाले, पासिंगला परत मागायचा नाही या अटीवर देतो.

गाडी काल रात्री गेली नव्या टायरवर. जाताना लिंबू-मिरची बांधली, टायरखाली लिंबू ठेवून चिरडलं, नारळ मात्र फोडला नाही. तो २२ तारखेसाठी राखून ठेवलाय, पुढचे दोन आले की. नाना कुठंतरी जिंकायला हवेत ना.

बरं, ते सोडा. तुम्ही नवरात्रात वणीला जाणार म्हणत होता, गाडी काढून? नांदुरीपर्यंतच नेता येते, वर गडावर खाजगी गाड्या नसतात सोडत नवरात्रात, एसटीनं जावं लागतं, ते माहीत आहे ना? नाही, मी काय म्हणते, ती तुमची मारुती वर्षभर त्या बदामाखाली उभी असते. दुपारभर ऊन लागतं तिला एका बाजूनं. महिन्यातून एकदा दवाखाना नाहीतर लग्न, एवढंच चालते. नक्षी अगदी कोरी दिसते, हो, मी बघितलीय. पण परवा यांनी सहज वाकून बघितलं, आणि घरी येऊन मला म्हणाले त्या टायरच्या भिंतीला बारीक बारीक भेगा पडल्यात. आकडे दिसले नाहीत म्हणे. एकाच बाजूला छापलेले असतात कधी कधी, ती बाजू आत गेलेली असली की गाडीखाली घुसूनच बघावं लागतं. तुम्हाला आठवतंय का कधी बदललेत? भाऊजींना विचारून नका घेऊ, ते म्हणतील परवाच बदलले. तुमच्या धाकटीच्या बारशाला जी गाडी होती, तीच ना ही? आणि धाकटी यंदा दहावीला.

थांबा, यांना हाक मारते. टॉर्च तेवढी आणा तुमच्याकडची, आमच्यातले सेल संपलेत.